लेक एरीवर एवढं संशोधन, तरी ऑगस्टमध्ये पाणी हिरवं का होतं?

एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: मूळच्या कोल्हापूरच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत ओहायो राज्यात, लेक एरीच्या काठच्या टोलेडोजवळ राहायला आल्या, ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन मॉमी बे स्टेट पार्कला गेल्या तर काठाला हिरव्या ऑइलपेंटसारखा थर आणि पाण्यात उतरू नका अशी पाटी. "रंकाळ्याचं पाणी हिरवं झालेलं पाहिलंय, पण इथे अमेरिका-कॅनडा असे दोन देश, इतकी राज्यं, विद्यापीठं मिळून पन्नास वर्षं या लेकवर संशोधन करतायत म्हणे, मग सुधारत का नाही? नळाचं पाणी मुलांना द्यायचं का? आणि मला व्हॉलंटियर म्हणून काही करायचंय, त्याचा खरंच उपयोग होतो की नुसता फोटोपुरता?"

मी या लेकच्या पश्चिम टोकाला बरीच वर्षं पाण्याच्या सॅम्पलिंगचं आणि त्याच्या डेटाचं काम करते, त्यामुळे या विषयावर बोलायला मला कोणी विचारायची वाटच बघत असते, घरचे कंटाळलेत ऐकून. उत्तर लांब होणार.

आधी पाणी, कारण घरात मुलं आहेत. २ ऑगस्ट २०१४ ला पहाटे टोलेडो शहराने जाहीर केलं की नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनसुद्धा नका. चार लाखांहून जास्त लोक, दोन-तीन दिवस बाटलीच्या पाण्यावर. कारण होतं मायक्रोसिस्टिन, म्हणजे या हिरव्या थरातले सायनोबॅक्टेरिया जे विष बनवतात ते, त्याचा मार मुख्यतः लिव्हरवर. आपल्याला लहानपणापासून सवय की पाण्याची शंका आली की उकळून घ्या, इथे ते नेमकं उलटं पडतं, उकळल्याने हे विष मोडत नाही, पाणी आटून ते आणखी दाट होतं. तेव्हा देशपातळीवर पिण्याच्या पाण्यासाठी याचं ठरवलेलं प्रमाणच नव्हतं, ओहायो जागतिक आरोग्य संघटनेचा लिटरला १ मायक्रोग्रॅम हा आकडा धरून चालायचं. २०१५ मध्ये ईपीएने, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, आपले आकडे काढले, सहा वर्षांखालच्या मुलांसाठी ०.३ आणि बाकीच्यांसाठी १.६ मायक्रोग्रॅम. त्यानंतर टोलेडोच्या प्लांटवर बराच खर्च झालाय, ओझोन बसलाय, कार्बन टाकतात, सीझनमध्ये तपासण्या सतत चालू असतात आणि निकाल लोकांसमोर ठेवतात. त्यामुळे साध्या दिवशी नळाचं पाणी मुलांना खुशाल द्या, शहराने नको म्हटलं तर मात्र कुठलीही घरगुती युक्ती करू नका, सरळ बाटली आणा. आणि एक बघून घ्या, तुमच्या बिलावर पाणी कुठल्या प्लांटचं आहे ते. आसपासची सगळी गावं लेकचं पाणी घेत नाहीत, बोलिंग ग्रीनसारखं गाव मॉमी नदीतून घेतं, तिथल्या अडचणी थोड्या वेगळ्या असतात.

पोहण्याचं म्हणाल तर हिरवा थर दिसला की मुलं आणि कुत्रा दोघांनाही लांब ठेवा, कुत्र्याला जास्तच, कारण तो बाहेर येऊन अंग चाटतो. थर नक्की कसला आहे हे ओळखायचं तर एक काठी पाण्यात फिरवून बाहेर काढा. लांब केसांसारखे धागे लटकले तर बहुतेक साधं शेवाळ, आणि काठीला रंग लावल्यासारखा लेप बसला तर तेच ते, हात धुवा आणि निघा. विष आहे की नाही हे काठीला कळत नाही, डोळ्यालाही नाही, म्हणून संशय आला की लांब राहायचं.

आता तुमचा मोठा प्रश्न. तुम्ही विचारलंय, एवढे लोक मिळून संशोधन करतात तरी लेक सुधारत का नाही. माझ्या मते यात दोन वेगळे प्रश्न एकात गुंडाळले गेलेत. एक, एकत्र येऊन केलेल्या संशोधनातून लेकला काय झालंय हे कळलं का? हो, फार चांगलं कळलं. दोन, कळल्यावर ज्याने काही करायला हवं तो करतोय का, त्याला करायला लावणारं कोणी आहे का? खरी मेख इथे आहे. या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या नाहीत की माणूस एकतर शास्त्रज्ञांवर चिडतो नाहीतर सगळंच थोतांड आहे म्हणतो.

थोडं लेकबद्दल. पाच ग्रेट लेक्समध्ये मिळून जगातल्या भूपृष्ठावरच्या गोड्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा आहे, पण त्यात एरी सगळ्यात उथळ, सरासरी १९ मीटर. सुपीरियर सरासरी १४७ मीटर. सुपीरियरमधलं पाणी पूर्ण बदलायला १९१ वर्षं लागतात असा हिशोब आहे, एरीमधलं अडीच-पावणेतीन वर्षांत बदलतं. आणि तुम्ही जिथे उभ्या होतात ते पश्चिमेचं खोरं तर आणखी उथळ, सरासरी सात-साडेसात मीटर, उन्हाळ्यात पटकन तापतं. एरीत येणाऱ्या पाण्यापैकी ८० टक्क्यांच्या आसपास डेट्रॉइट नदीतून येतं, ते वरच्या लेक्सचं त्यामानाने स्वच्छ पाणी. मॉमी नदी पाण्याच्या हिशोबात किरकोळ, पण फॉस्फरसच्या, म्हणजे शेवाळाच्या खाद्याच्या, हिशोबात पश्चिम एरीची मुख्य डोकेदुखी तीच, आणि ती नेमकी तुमच्या बीचशेजारी लेकला मिळते. म्हणजे तुम्ही लेकचा सगळ्यात वाईट कोपरा सगळ्यात वाईट महिन्यात पाहिलात. पूर्वेला बफेलोकडे गेलात तर हाच लेक आहे यावर विश्वास बसणार नाही.

हा लेक एकदा सुधारून दाखवलेला आहे, हे लोक विसरतात. साठच्या दशकात पेपरवाले याला मेलेला लेक म्हणायचे. जून १९६९ मध्ये क्लीव्हलँडच्या कायहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाला आग लागली, ती बातमी देशभर गाजली. तेव्हा वाद असा होता की हे शेवाळ नक्की कशामुळे वाढतं, कार्बन, नायट्रोजन की फॉस्फरस, आणि डिटर्जंट कंपन्यांना अर्थातच फॉस्फरस नको होता, कारण तो त्यांच्या पावडरमध्ये होता. कॅनडात ऑन्टारियो प्रांताच्या वायव्य भागात १९६८ मध्ये एक्सपेरिमेंटल लेक्स एरिया सुरू झाला, सरळ आख्ख्या छोट्या लेकवर प्रयोग करायचे. तिथे डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या टीमने १९७३ मध्ये लेक २२६ मध्ये मध्यभागी पडदा लावून त्याचे दोन भाग केले, दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला आणि एकाच बाजूला फॉस्फरस. तीच बाजू हिरवीगार झाली. विमानातून काढलेला तो फोटो बघाच, एक अर्धा काळसर निळा आणि दुसरा अर्धा हिरवट, मध्ये सरळ रेघ. कुठल्याही आमदाराला समजावून सांगायची गरज नाही असा फोटो.

त्याच सुमारास, १५ एप्रिल १९७२ ला, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि कॅनडाचे पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी ग्रेट लेक्स वॉटर क्वालिटी ॲग्रीमेंटवर सह्या केल्या. हा करार हवेतून आला नव्हता, त्यामागे १९०९ चा बाउंडरी वॉटर्स करार होता आणि त्यातून आलेलं इंटरनॅशनल जॉइंट कमिशन, दोन्ही देशांचे सारखेच सदस्य असलेलं, त्यांनी आधीच लेकच्या प्रदूषणाचा अभ्यास करून ठेवला होता. पुढे १९७८ मध्ये एरीसाठी वर्षाला ११,००० टन फॉस्फरस हे लक्ष्य ठरलं. सांडपाण्याच्या प्लांटमध्ये फॉस्फरस काढायची सोय बसवली, डिटर्जंटमधला कमी केला, आणि ऐंशीच्या दशकात ते लक्ष्य गाठलं. वॉलाय मासा परत आला, त्याच्यावर आज इथला चार्टर बोटींचा अख्खा धंदा उभा आहे.

मग परत काय बिघडलं? इथे एका छोट्या कॉलेजचं नाव घ्यायलाच हवं. टिफिन गावातली हायडलबर्ग युनिव्हर्सिटी सत्तरच्या दशकापासून मॉमी आणि आसपासच्या नद्यांचं पाणी तपासतेय, नदीकाठच्या खोलीत ऑटोसॅम्पलर ठेवलेला, दिवसातून तीन वेळा बाटली भरतो, पूर असो की बर्फ. कोणाला यात काय ग्लॅमर दिसणार? पण त्या लांबलचक रेकॉर्डमुळेच कळलं की मातीच्या कणांना चिकटून येणारा फॉस्फरस आटोक्यात असतानाही पाण्यात विरघळलेला फॉस्फरस नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून वर चढायला लागलाय. आणि विरघळलेला म्हणजे शेवाळाला आयता वाढलेलं ताट. तो रेकॉर्ड नसता तर आपण अजूनही सांडपाण्याच्या प्लांटकडे बोट दाखवत बसलो असतो.

हा विरघळलेला येतो कुठून, तर मॉमीच्या खोऱ्यातून जो फॉस्फरस येतो त्यातला ८५ टक्क्यांच्या आसपास शेतीकडून. तुम्ही कोल्हापूरच्या, तुम्हाला हे पटकन कळेल: शिरोळकडे क्षारपड जमिनीत खाली सच्छिद्र पाइप पुरून निचरा काढतात ना, इथे जवळजवळ सगळ्या शेतांखाली तसे पाइप आहेत. हा भाग मुळात ग्रेट ब्लॅक स्वॅम्प नावाची प्रचंड दलदल होती, एकोणिसाव्या शतकात चर खणून, पाइप घालून ती कोरडी केली आणि मग मका-सोयाबीन. म्हणजे शेतावर पडलेलं पाणी वरून वाहून जाताना जेवढं दिसतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त न दिसता खालून चरात जातं. त्यात नांगरट बंद केली, जी माती धुपू नये म्हणून चांगलीच गोष्ट होती, पण मग वरून फेकलेलं खत मातीत मिसळेना, वरच्या दोन बोटांतच साठायला लागलं. आणि पाऊस पूर्वीपेक्षा जोरात पडायला लागला. यातलं एक कारण शंभर टक्के असं कोणीही प्रामाणिक माणूस सांगणार नाही, सगळं मिळून आहे.

आता "मिळून संशोधन" म्हणजे नक्की काय करतात ते सांगते, कारण बाहेरून ते कॉन्फरन्स आणि लोगोंनी भरलेल्या स्लाइड्स वाटतं. खरं काम फार किचकट आणि कंटाळवाणं असतं. समजा एकाच जागचं पाणी मी घेतलं आणि समोरच्या किनाऱ्यावरून आलेल्या ऑन्टारियोच्या बोटीने घेतलं. मी वरच्या थरातून बाटली भरली, त्यांनी वरच्या दोन मीटरचा मिळून नमुना घेतला. वारा पडलेला असेल तर सगळं शेवाळ वर तरंगत असतं, माझा आकडा त्यांच्या कितीतरी पट येणार, दोघेही बरोबर आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवायला निरुपयोगी. विरघळलेला फॉस्फरस मोजायचा तर पाणी लगेच बोटीवरच बारीक फिल्टरमधून गाळायचं, लॅबला जाईपर्यंत थांबलात तर बाटलीतलं शेवाळ वाटेत तो खाऊन टाकतं. मायक्रोसिस्टिन मोजताना पेशींच्या आतलं विषही बाहेर यायला हवं म्हणून सॅम्पल तीनदा गोठवून वितळवायचं, एखाद्या लॅबने ते केलं नाही तर आकडा कमी दिसणार. आणि त्यात आपला अमेरिकन टन आणि मेट्रिक टनाचा घोळ आहेच. अशा दहा-पंधरा गोष्टींवर सगळ्यांनी एकमत करायचं, मग तीच बाटली वाटून वेगवेगळ्या लॅबना पाठवायची आणि आकडे जुळतात का बघायचं. तुम्ही म्हणाल यात काय सहकार्य. मी म्हणते सहकार्य हेच, बाकीची भाषणं.

याचं सगळ्यात छान उदाहरण म्हणजे हॅब्ज ग्रॅब. हॅब म्हणजे हा असा विषारी हिरवा पसारा, त्यालाच आम्ही ब्लूम म्हणतो. २०१८ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये एकेक दिवस ठरवून दोन्ही देशांच्या बोटी पश्चिम एरीवर पसरल्या आणि सहा तासांच्या आत पहिल्या वर्षी १००, दुसऱ्या वर्षी १७२ ठिकाणचं पाणी घेतलं, सगळ्यांची पद्धत एकच. त्यातून पहिल्यांदा सांगता आलं की त्या एका दिवशी अख्ख्या पश्चिम खोऱ्यात मिळून किती विष आहे: २०१८ ला साडेअकरा हजार किलोच्या आसपास, २०१९ ला तीस हजार किलोंच्या वर. आणि आणखी एक गोष्ट उघड झाली जी माझ्यासारखीला जास्त महत्त्वाची, ब्लूमच्या कडेला अगदी थोड्या अंतरात विषाचं प्रमाण जवळजवळ शंभर पटीपर्यंत बदलतं, शिवाय हिरवेपणा आणि विष यांचं गुणोत्तर जागोजागी वेगळं. म्हणजे सॅटेलाइटवरून हिरवं दिसलं म्हणून तेवढं विष, असं धरता येत नाही. एका लॅबने, एका बोटीने, दहा वर्षं काम केलं असतं तरी हे कळलं नसतं, कारण हे एकाच दिवशी सगळीकडे असल्याशिवाय कळतच नाही.

तसंच दोन देशांनी पाच लेक्सचा पाळीपाळीने सखोल अभ्यास करायची पद्धत ठेवलीय, दर वर्षी एक लेक, एरीची पाळी २०१४, २०१९, २०२४ ला होती. आणि दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला नोआ, म्हणजे अमेरिकेची हवामान आणि समुद्राची सरकारी संस्था, ब्लूमचा अंदाज जाहीर करते तो मार्च ते जुलै या काळात मॉमीतून किती फॉस्फरस आला यावरून बांधलेला असतो, म्हणजे त्यामागे परत हायडलबर्गच्या त्या बाटल्या आहेत, त्यावर मिशिगनच्या आणि ओहायोच्या विद्यापीठांची मॉडेल्स. त्या अंदाजात ब्लूम किती तीव्र हे एका मोजपट्टीवर सांगतात, तिच्यावर २०११ चा ब्लूम १० धरलाय, २०१५ चा १०.५ झाला.

तर इथवर असं, की काय होतंय, कुठून येतंय, किती कमी करायला हवं, हे तिन्ही माहीत आहे. २०१५ मध्ये ओहायो, मिशिगन आणि ऑन्टारियोने ४० टक्के कमी करायचं कबूल केलं, २०२५ पर्यंत. २०१६ मध्ये दोन्ही देशांनी तेच लक्ष्य घेतलं, २००८ च्या तुलनेत ४० टक्के, मॉमीसाठी वसंतातला एकूण फॉस्फरस ८६० टन आणि विरघळलेला १८६ टन, इतकं नेमकं. २०२५ येऊन गेलं. ४० टक्के झालं नाही.

का झालं नाही, यावर माझं मत स्पष्ट आहे, सहकारी सगळे सहमत होतीलच असं नाही. सत्तरच्या दशकात फॉस्फरस पाइपच्या तोंडातून येत होता. त्या पाइपाला मालक होता, शहर किंवा कारखाना, त्याला परवाना होता, आकडा वाढला तर नोटीस जायची, आणि प्लांट सुधारायला सरकारी पैसाही होता. आजचा आकडा मोजला जातो नदीवर, मॉमी वॉटरव्हिलपाशी, आणि त्याच्या वरच्या बाजूला हजारो शेतकरी आहेत, त्यातल्या कोणाचा वाटा किती हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. आकडा उत्तम आहे पण तो कोणाचाच नाही. त्यामुळे बहुतेक उपाय ऐच्छिक, पैसे देऊन करून घ्यायचे. ओहायोने २०१९ ला एचटूओहायो सुरू केलं, शेतकऱ्याला खताचं नियोजन केल्याबद्दल, खत जमिनीत पेरून दिल्याबद्दल पैसे, शिवाय पाणथळ जागा परत तयार करायच्या. खतविक्रेत्यांसाठी फोर-आर नावाचं सर्टिफिकेशन आहे २०१४ पासून, योग्य खत, योग्य मात्रा, योग्य वेळ, योग्य जागा. बंदी म्हणावी अशी गोष्ट थोडीच, २०१५ चा कायदा, पश्चिम खोऱ्यात गोठलेल्या किंवा चिंब जमिनीवर खत-शेण टाकायचं नाही. टोलेडोच्या लोकांनी वैतागून फेब्रुवारी २०१९ मध्ये मतदान करून लेकलाच कायदेशीर हक्क दिले, वर्षभरात फेडरल कोर्टाने तो कायदा रद्द केला.

तुलना करायची तर लॅम्प्रेची करा. ईलसारखा दिसणारा, दुसऱ्या माशाला तोंडाने चिकटून त्याचं रक्त पिणारा हा पाहुणा समुद्रातून कालव्यांमार्गे लेक्समध्ये शिरला आणि ट्राउटची वाट लावली. दोन्ही देशांनी १९५५ मध्ये ग्रेट लेक्स फिशरी कमिशन काढलं, मिशिगनच्या हॅमंड बे केंद्रात हजारो रसायनं तपासून एक असं सापडलं जे लॅम्प्रेच्या पिल्लांना मारतं आणि बाकी माशांना फारसं काही करत नाही, आणि आज लॅम्प्रे ९० टक्क्यांच्या आसपास कमी आहेत. तिथे संशोधन आणि अंमलबजावणी एकाच संस्थेच्या हातात आहे, ज्याने मोजायचं त्यानेच ओढ्यात जाऊन औषध सोडायचं, वर कोणाच्या पोटावर पाय येत नाही. लॅम्प्रेच्या बाजूने बोलायला कोण उभं राहणार? शेतीचं तसं नाही.

आणि इथे मी शेतकऱ्यांना शिव्या घालणार नाही, तुम्हीही घालू नका. मी त्यांच्या मीटिंगांना बसलेय. बहुतेकांना खत महाग पडतं, ते उगाच कोणी फेकत नाही. पण वसंतात पेरणीची घाई, शरदात वेळ मोकळा असतो म्हणून तेव्हाच खत टाकून ठेवायचं, ते पसरणारं मशीनही विक्रेत्याचंच, अशी ती साखळी आहे. शिवाय काही शेतांच्या मातीत पूर्वीचा इतका फॉस्फरस साठलाय की आज खत बंद केलं तरी तो कित्येक वर्षं झिरपत राहणार. २०१९ ला एक आपोआप घडलेला प्रयोगच झाला, वसंतात इतका पाऊस की बऱ्याच शेतांत पेरणीच झाली नाही, खतही पडलं नाही. तेवढ्या पाण्यात जेवढा विरघळलेला फॉस्फरस यायला हवा होता त्यापेक्षा तो कमी आला. म्हणजे चालू वर्षाच्या खताचा परिणाम होतो हे दिसलं. पण पूर्ण थांबला का, तर नाही, जुना साठा बोलत होता. ज्याला फक्त एकच बाजू मांडायची असते तो यातलं अर्धंच वाक्य सांगतो.

काही गोष्टी मात्र खरंच परिस्थितीवर आहेत. कोरड्या वसंतानंतर ब्लूम लहान येतो, तेव्हा कोणीतरी लगेच यशाची पत्रकं काढतं, त्यावर विश्वास ठेवू नका, एका वर्षावरून काही ठरत नाही. वारा कुठला आहे यावर तुमचा बीच सकाळी स्वच्छ आणि दुपारी हिरवा होऊ शकतो. झेब्रा आणि क्वागा शिंपले ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून आलेत, ते पाणी गाळतात पण मायक्रोसिस्टिस, म्हणजे हे विष बनवणारा मुख्य सायनोबॅक्टेरिया, थुंकून टाकतात, त्यामुळे जुना ११,००० टनांचा आकडा गाठला तरी जुना लेक परत येत नाही. आणि नायट्रोजनचं काय करायचं यावर आमच्यात अजून जोरदार वाद होतात, कारण ब्लूम किती मोठा हे फॉस्फरसवर असलं तरी तो किती विषारी यात नायट्रोजनचा हात आहे. वाद होतात ते मला चांगलंच लक्षण वाटतं, डेटा एकच आहे म्हणून निदान नीट वाद घालता येतो.

आता व्हॉलंटियरिंग. उपयोग होतो का? होतो, पण कसा केला यावर. आमच्याकडे हौशी लोकांचा डेटा येतो तेव्हा मी पहिलं बघते ते जागा, वेळ आणि पद्धत लिहिलीय का. एक उत्साही माणूस उन्हाळाभर वेगवेगळ्या बीचवरून मनात येईल तेव्हा बाटल्या भरून आणतो, त्याचं काय करायचं मला कळत नाही. दुसरा एकाच धक्क्यावर दर आठवड्याला साधारण त्याच वेळी सेकी डिस्क सोडतो, म्हणजे ती काळी-पांढरी तबकडी दोरीने खाली सोडायची आणि दिसेनाशी झाली की खोली लिहायची, पाण्याचं तापमान लिहितो, वारा लिहितो, थर होता की नव्हता लिहितो, काही दिसलं नाही तर "काही नाही" असंही लिहितो. हा दुसरा सोन्यासारखा. "काही नाही" ही नोंद लोक टाळतात, त्यांना वाटतं त्यात काय, पण मॉडेलवाल्याला तीच हवी असते. सॅटेलाइटचा एक ठिपका ३०० मीटरचा, ढग आले की तेही नाही, त्यामुळे काठाला लागून काय चाललंय हे तुमच्यासारख्यांनाच दिसतं.

म्हणून बाटली घ्यायच्या आधी एकच विचारा, हा आकडा कोण वापरणार आहे? ज्या ग्रुपकडे याचं उत्तर आहे आणि लिहून ठेवलेला क्वालिटी प्लॅन आहे तिथे जा. क्लीव्हलँड वॉटर अलायन्सने लेक एरी व्हॉलंटियर सायन्स नेटवर्क बांधलंय, वेगवेगळ्या गावांतल्या व्हॉलंटियर ग्रुपांना एकाच पद्धतीने मोजायला शिकवायचं आणि डेटा एकत्र करायचा, तिथून सुरुवात सोपी. चार्टर बोटींचे कॅप्टनसुद्धा गिऱ्हाइकांना मासेमारीला नेतात तेव्हा जाता जाता ठरलेल्या जागी पाणी भरून आणतात, ओहायो ईपीए आणि ओहायो स्टेटच्या स्टोन लॅबबरोबर. ही माणसं सुरुवातीला आम्हा लॅबवाल्यांवर चिडलेली होती, ब्लूमची बातमी आली की बुकिंग रद्द होतात म्हणून. स्वतः बाटली भरायला लागल्यावर त्यांचं बोलणं बदललं, आता एखादा कॅप्टनच मला फोन करून सांगतो की अमुक बेटामागे रंग बदललाय, बघून घ्या.

दुसरं काम कोणी करत नाही म्हणून सुचवते. तुमच्या काउंटीच्या सॉइल अँड वॉटर कन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्टच्या मीटिंगला जाऊन बसा, त्या सगळ्यांसाठी खुल्या असतात आणि बाहेरचा माणूस क्वचितच येतो. तिथे कळतं की पैसे कुठल्या उपायांवर चाललेत. एचटूओहायोचे पैसे कुठल्या शेतांना मिळतात, ज्या शेतांतून सगळ्यात जास्त फॉस्फरस झिरपतो त्यांना की ज्यांनी आधी फॉर्म भरला त्यांना, हा प्रश्न शांतपणे, दर वेळी विचारत राहा. २०२३ मध्ये मॉमीसाठी टीएमडीएल म्हणजे प्रदूषणाची कायदेशीर मर्यादा मंजूर झालीय, त्याच्या अंमलबजावणीवरही लोकांना मत देता येतं. शास्त्रज्ञाने असं विचारलं की राजकारण होतं, रहिवाशाने विचारलं की मिनिट्समध्ये नोंद होते.

रंकाळ्याबद्दल तुम्ही लिहिलंय म्हणून जाता जाता. तिथे मॉडेल उचलून नेण्यासारखं काही नाही, ते तळं, हा समुद्राएवढा लेक, आणि तिथलं दुखणं मुख्यतः सांडपाण्याचं, म्हणजे मालक असलेल्या पाइपाचं, ते खरं तर एरीच्या आजच्या दुखण्यापेक्षा सोपं. उचलायची असेल तर हायडलबर्गची सवय उचला. एखाद्या कॉलेजच्या केमिस्ट्री विभागाने येणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी पाणी घ्यायचं, पावसाळ्यातसुद्धा, वर्षानुवर्षं, विभागप्रमुख बदलला तरी. गावाकडे कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्या कानावर घाला, पद्धत लिहून द्यायची तर मी देईन.

आणि मुलं जरा मोठी असतील तर उन्हाळ्यात पुट-इन-बेला जा, समोरच्या जिब्राल्टर बेटावर स्टोन लॅब आहे, १८९५ पासूनची. बेटावर लोकांना फिरवून दाखवायचे दिवस असतात, आधी चौकशी करून जा, मुलांना मायक्रोस्कोपखाली हिरवे गोळे बघायला मिळाले तर फार आवडतील. जाताना मॉमी बेचं पाणी बाटलीत भरून नेऊ नका, प्रत्येक उन्हाळ्यात कोणीतरी नेतंच.